बेसबॉल : फोटोतला दुसरा माणूस

मधला_बेस

मागच्या आठवड्यात क्रिकेटच्या धाग्यावर परत एकदा चेतन शर्मा निघाला आणि परत तीच हाणामारी. शारजा १९८६, शेवटचा बॉल, चार रन हवेत, फुलटॉस, मियांदाद. त्याच माणसाने पुढच्या वर्षी नागपूरला वर्ल्डकपमधली पहिली हॅटट्रिक घेतली असं कोणीतरी लिहिलं तर त्यावर उत्तर काय, "ते राहू दे, तो बॉल तसा का टाकला ते सांग." तेव्हाच ठरवलं हा धागा काढायचा.

मी न्यू जर्सीत आल्यापासून बेसबॉल बघतो, आधी ऑफिसात चार लोकांत तोंड उघडता यावं म्हणून आणि मग खरंच चटक लागली म्हणून, आणि बघता बघता असं वाटायला लागलं की या खेळातल्या प्रत्येक गाजलेल्या फोटोत दोन माणसं असतात. एक हात वर करून बेसांना चक्कर मारणारा, दुसरा मान खाली घालून मैदानाबाहेर निघालेला. पहिल्यावर रग्गड लिहून झालंय. मला दुसऱ्याबद्दल गप्पा मारायच्यात. बेब रूथ केवढा, ओहतानी माणूस का देव, यासाठी वेगळे धागे काढा, इथे नको.

ज्यांना खेळ अजिबात माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच की नऊ इनिंग असतात, प्रत्येक इनिंगला प्रत्येक टीमचे तीन आउट, बॉल टाकणारा तो पिचर, बॅटर फर्स्ट, सेकंड, थर्ड असे बेस ओलांडून परत घरी (होम प्लेटला) आला की एक रन, आणि बॅटरने बॉल थेट कुंपणापार घातला की होमरन, मग बेसवर जेवढे उभे असतील ते आणि तो स्वतः असे सगळे घरी येतात आणि तेवढे रन. बाकीचं वाचता वाचता कळेल.

सुरुवात राल्फ ब्रँकापासून. ३ ऑक्टोबर १९५१, न्यूयॉर्कचं पोलो ग्राउंड्स. जायंट्स आणि ब्रुकलिन डॉजर्स, दोघंही एकाच शहरातले, त्यामुळे वैर अगदी घरगुती. ऑगस्टमध्ये जायंट्स साडेतेरा गेम मागे होते म्हणजे सीझन संपल्यात जमा, तिथून त्यांनी बरोबरी गाठली आणि लीगचा विजेता ठरवायला तीन गेमचा प्लेऑफ घ्यावा लागला. तिसऱ्या गेमच्या नवव्या इनिंगला डॉजर्स ४-१ ने पुढे. मग एक रन गेला, ४-२, दोघं बेसवर, एक आउट. पिचर डॉन न्यूकमचा हात संपलेला, मॅनेजरने (म्हणजे आपल्याकडचा कोच) ब्रँकाला बोलावलं. वय २५, पाठीवर नंबर १३, आणि दोनच दिवसांपूर्वी पहिल्या गेमला याच बॉबी थॉमसनने याच ब्रँकाला होमरन मारलेला! पहिला बॉल स्ट्राईक, म्हणजे मारण्याजोगा असून बॅटरने सोडला. दुसरा डावीकडच्या स्टँडमध्ये. ५-४. रेडिओवर रस हॉजेस तेच एक वाक्य परत परत ओरडत राहिला, ते रेकॉर्डिंग आजही दर ऑक्टोबरला ऐकवतात.

ब्रँकाचा त्या दिवशीचा फोटो आहे, क्लबहाऊसच्या पायऱ्यांवर पालथा पडलाय. हा माणूस २१ व्या वर्षी एका सीझनमध्ये २१ गेम जिंकलेला पिचर होता, पण विचारा कोणाला, त्या एका बॉलपलीकडे काही सांगता येणार नाही.

पुढची गोष्ट जास्त भारी आहे. ब्रँका आणि थॉमसन म्हातारपणी जोडीने कार्यक्रमांना जायचे, शेजारी शेजारी बसून त्याच फोटोवर सह्या करायचे, बऱ्यापैकी दोस्ती झालेली. आणि २००१ ला वॉल स्ट्रीट जर्नलने बातमी छापली की त्या सीझनला जायंट्सवाले सेंटरफील्डच्या मागच्या क्लबहाऊसमधून दुर्बिणीने समोरच्या कॅचरच्या (बॅटरमागे बसून पिचरला बॉल सुचवणारा) खुणा बघायचे आणि बझर वाजवून पुढे कळवायचे. म्हणजे पुढचा बॉल कुठला येणार हे बॅटरला आधीच माहीत. थॉमसन शेवटपर्यंत म्हणाला की त्या बॉलला मला खूण मिळाली नव्हती. पण ब्रँकाला ही दुर्बिणीची भानगड पन्नासच्या दशकातच कानावर आली होती, आणि त्याने तोंड उघडलं नाही, कारण हरल्यावर रडतो म्हणतील. चाळीसहून जास्त वर्षं लोकांची बोलणी खाल्ली पण हे बोलला नाही. मला हे जमलं नसतं राव.

तर टाका तुमचे ब्रँका.

शिवाजीपार्क_कट्टा

लेख चांगला आहे पण खेळ नाही झेपत. तीन साडेतीन तास, त्यातला निम्मा वेळ थुंकणं आणि टोपी सारखी करणं. आमचा रणजीचा संथ दिवस यापेक्षा बरा.

मधला_बेस

कट्टाशेठ, तुम्ही जुना खेळ बघितलाय. २०२३ पासून पिचरवर घड्याळ लावलंय, बेस रिकामे असतील तर १५ सेकंदात बॉल टाकायचा. आता सरासरी गेम पावणेतीन तासांच्या आत उरकतो. थुंकण्याचं मात्र काही करता आलेलं नाही.

सांजवेळ

मस्त धागा! मी बॉस्टनला राहते त्यामुळे माझा माणूस ठरलेला, बिल बकनर. आणि गंमत बघा, तोसुद्धा १९८६ चाच, चेतन शर्माच्याच वर्षातला.

२५ ऑक्टोबर १९८६, वर्ल्ड सिरीजचा (सीझनची फायनल, सातांत चार जिंकेल तो चॅम्पियन) सहावा गेम, न्यूयॉर्कचं शे स्टेडियम, समोर तिथलेच मेट्स. आमचे रेड सॉक्स सिरीजमध्ये ३-२ ने पुढे आणि दहाव्या इनिंगला ५-३ ने पुढे, मेट्सचे दोन आउट झालेले, बेसवर कोणी नाही. बॉस्टनने १९१८ नंतर एकदाही जिंकलेलं नव्हतं, आणि आता फक्त एक आउट हवा. मग तीन सिंगल लागोपाठ, म्हणजे एकेक बेस मिळवून देणारे हिट. मग मुकी विल्सनचा रोलर फर्स्ट बेसकडे आला, अगदी मऊ, आणि बकनरच्या दोन पायांमधून मागे गेला. मेट्स ६-५. दोन दिवसांनी सातवाही जिंकले.

आता इथे प्रत्येकजण जे विसरतो ते सांगते. बॉल बकनरकडे आला तेव्हा स्कोअर आधीच ५-५ झाला होता! आमचा पिचर बॉब स्टॅनलीच्या वाईल्ड पिचवर (कॅचरला न सापडलेला बॉल) तो रन आला होता. म्हणजे बकनरने तो बॉल उचलला असता तरी गेम अकराव्या इनिंगला गेला असता, जिंकला नसता. शिवाय त्याचे घोटे इतके कामातून गेलेले की मॅनेजर मॅकनमारा एरवी शेवटी शेवटी त्याला काढून डेव्ह स्टेपलटनला उभं करायचा, नेमकं त्या रात्री नाही केलं. आणि सातव्या गेमला रेड सॉक्स ३-० ने पुढे होते, तो कोणी घालवला? पण नाव एकाचंच. २७१५ हिट्स, १९८० ला लीगचा सर्वात जास्त सरासरीचा बॅटर, सगळं पाण्यात. शेवटी लांब आयडाहोला जाऊन राहिला.

८ एप्रिल २००८ ला सीझनच्या पहिल्या घरच्या गेमला त्याला फेनवेला बोलावलं, पहिला मानाचा बॉल टाकायला. अख्खं स्टेडियम उभं राहून टाळ्या वाजवत होतं, थांबेचना, आणि तो डोळे पुसत होता. माझ्या इथल्या सहकाऱ्यांना हा प्रसंग सांगताना फार भरून येतं. मला मात्र दर वेळी राग येतो. २००४ ला जिंकल्यावर, २००७ ला परत जिंकल्यावर यांना माफी सुचली. न जिंकता सुचली असती तर मानलं असतं. २०१९ ला गेला बिचारा.

रिकामटेकडा

सगळं ठीक आहे पण हे लोक करोडो डॉलर कमावतात, त्यांच्यासाठी एवढे अश्रू? आमच्याकडे बँकेत कॅशियरकडून एक नोट जास्त गेली तर पगारातून कापतात आणि कोणी धागा पण काढत नाही.

सांजवेळ

तुमच्यासाठी वेगळा धागा काढू का? शीर्षक तुम्ही सुचवा :)

गणितगुरू

रिकामटेकडा, करोडो डॉलर आत्ताचे. ब्रँकाच्या काळात बरेच खेळाडू थंडीत दुकानात नाहीतर विम्याच्या कंपनीत कामाला जायचे. खेळाडू क्लबशी जन्माचा बांधलेला, क्लबने दुसरीकडे विकलं की मुकाट जायचं. ते बदलायला निघालेला माणूस हाच या धाग्यातला सर्वात मोठा दुसरा माणूस आहे असं मी म्हणतो. कर्ट फ्लड. सेंट लुईस कार्डिनल्सचा सेंटरफील्डर, १९६९ च्या ऑक्टोबरला त्याला न विचारता फिलाडेल्फियाला पाठवायचं ठरलं, हा म्हणाला मी काय विकायची वस्तू आहे का, आणि कोर्टात गेला. १९७२ ला सुप्रीम कोर्टात ५-३ ने हरला. तोवर करिअर संपलं होतं, १९७१ ला वॉशिंग्टनकडून तेरा गेम खेळला तेवढेच. तीनच वर्षांनी, १९७५ च्या डिसेंबरला, लवादाने दुसऱ्या दोन पिचरांच्या बाजूने निकाल दिला आणि खेळाडू मोकळे झाले. हे जे करोडो म्हणताय ना ते तिथून सुरू झाले. फ्लडला त्यातलं काही मिळालं नाही.

आता माझा आवडता. राल्फ टेरी, यँकीजचा पिचर. १३ ऑक्टोबर १९६०, पिट्सबर्ग, सातवा गेम, ९-९, नववी इनिंग. समोर बिल मॅझरॉस्की, जो फिल्डिंगसाठी प्रसिद्ध, होमरनसाठी नाही. पठ्ठ्याने कुंपणापार घातला आणि १०-९, सिरीज संपली. त्या सिरीजमध्ये यँकीजचे एकूण रन ५५ आणि पिट्सबर्गचे २७, तरी हरले ते यँकीज! आणि त्या सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू कोण ठरला, तर हरलेल्या यँकीजचा सेकंड बेसमन बॉबी रिचर्डसन. वर्ल्ड सिरीजच्या इतिहासात हरलेल्या टीमला हा मान तेवढा एकदाच गेलाय.

हे नाव लक्षात ठेवा. दोन वर्षांनी, १६ ऑक्टोबर १९६२, सॅन फ्रान्सिस्को, परत सातवा गेम, परत नववी इनिंग, परत पिचर राल्फ टेरी. यँकीज १-० ने पुढे, दोन आउट, जायंट्सची (वरचेच, तोवर न्यूयॉर्क सोडून इथे आलेले) माणसं सेकंड आणि थर्डला, सेकंडवर साक्षात विली मेज. म्हणजे एक साधा हिट बसला तरी खेळ खलास. बॅटर विली मॅकोवी, धिप्पाड, डावखुरा. मॅनेजर विचारायला आला की याला सोडून पुढच्याला टाकायचं का, टेरी म्हणाला यालाच टाकतो. मॅकोवीने असा सणसणीत मारला की सगळ्यांना वाटलं गेला, आणि तो सरळ जाऊन बसला बॉबी रिचर्डसनच्या ग्लोव्हमध्ये. तीन फूट इकडेतिकडे असता तर टेरी दोनदा बदनाम झाला असता. तो झाला सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू. बॉल टाकण्यात फरक काय होता म्हणाल तर फारसा नाही, दोन्हीही जोरातच मारले गेले.

शिवाजीपार्क_कट्टा

हे जबरी आहे. मॅकोवीचं काय झालं मग?

गणितगुरू

हॉल ऑफ फेम, ५२१ होमरन. पण वर्ल्ड सिरीज कधीच जिंकला नाही.

खान्देशी_तडका

आम्ही शाळेत सॉफ्टबॉल खेळलोय, जिल्ह्याच्या टीमपर्यंत गेलो होतो, पीटीच्या सरांनी पाच ग्लोव्ह आणि एक कॅचरचा मास्क एवढ्यावर टीम चालवली. त्यामुळे बेस, स्ट्राईक, वॉक सगळं समजतं. पण ते परफेक्ट गेम म्हणतात ते नेमकं काय? आमच्याकडे असं काही झालं नाही कधी, आमचा पिचर पहिल्याच इनिंगला तिघांना वॉक द्यायचा, म्हणजे चार बॉल बाहेर टाकून फुकट फर्स्ट बेस.

मधला_बेस

खान्देशी भाऊ, नऊ गुणिले तीन, २७ बॅटर आले आणि २७ च्या २७ गेले. एकही बेसवर पोचला नाही, हिटने नाही, वॉकने नाही, फिल्डरच्या चुकीने नाही. दीडशे वर्षांत लाखांनी गेम झाले, त्यात असे दोन डझन.

आणि या विषयावरचा माझा माणूस पिचर नाहीच, अंपायर आहे. २ जून २०१०, डेट्रॉइट. टायगर्सचा आर्मांडो गालारागा, व्हेनेझुएलाचा, फार मोठं नाव नाही. क्लीव्हलंडचे २६ आले, २६ गेले. सत्ताविसावा जेसन डोनाल्ड. त्याने मारलेला बॉल मिगेल काब्रेराने उचलला, फर्स्ट बेसवर धावत आलेल्या गालारागाकडे फेकला, गालारागाचा पाय बेसवर, बॉल ग्लोव्हमध्ये, बॅटर अजून पाऊलभर मागे. आणि अंपायर जिम जॉइसने हात पसरले, सेफ!

गालारागाने काय केलं? हसला. खरंच, नुसता हसला, जाऊन परत आपल्या जागेवर उभा राहिला आणि पुढच्या बॅटरला आउट करून गेम संपवला. जॉइसने आत जाऊन रिप्ले बघितला आणि बाहेर येऊन सरळ पत्रकारांना सांगितलं की मी चुकलो, त्या पोराचा परफेक्ट गेम घालवला. कारणं नाहीत, अँगल खराब होता वगैरे नाही. गालारागाला भेटून रडला. दुसऱ्या दिवशी दुपारी परत त्याच दोन टीम, आणि होम प्लेटमागे अंपायर जॉइसच. टायगर्सनी आपल्या खेळाडूंची यादी द्यायला मॅनेजरऐवजी गालारागाला पाठवलं. जॉइस डोळे पुसत होता, त्याने गालारागाच्या खांद्यावर थोपटलं. त्याच महिन्यात खेळाडूंमध्ये मतं घेतली तर सर्वात चांगला अंपायर म्हणून जॉइसच पहिला आला. रेकॉर्डमध्ये आजही तो परफेक्ट गेम नाही. २०१४ पासून असे निकाल रिप्लेवर तपासतात.

रिकामटेकडा

हा आवडला. अंपायरने चूक मान्य केली हीच बातमी.

गणितगुरू

परफेक्टचा विषय निघालाच आहे तर हार्वी हॅडिक्स घ्या. २६ मे १९५९, मिलवॉकी. पिट्सबर्गच्या या पिचरने नऊ नाही, बारा इनिंग परफेक्ट टाकल्या. ३६ आले, ३६ गेले. पण त्याच्या टीमला एक रन काढता येईना, समोरच्या लू बर्डेटला त्यांनी बारा हिट मारले आणि तरी शून्य! तेराव्या इनिंगला थर्ड बेसमनच्या चुकीच्या थ्रोने पहिला माणूस बेसवर आला, मग एक बंट (बॅटने हलकेच टेकवलेला बॉल), मग हँक ऍरनला मुद्दाम वॉक, आणि मग जो ऍडकॉकने कुंपणापार घातला. त्यातही घोळ, ऍरन मध्येच वळून डगआउटकडे निघाला आणि ऍडकॉक त्याच्या पुढे गेला म्हणून होमरनचा डबल (दोन बेसचा हिट) केला, स्कोअर १-०. म्हणजे जिंकणाऱ्यांनाही नीट जिंकता आलं नाही. हॅडिक्स हरला. वर १९९१ ला नियम नीट लिहून काढले तेव्हा तो गेम नो-हिटरच्या (एकही हिट न देता टाकलेले गेम) यादीतूनसुद्धा काढला. गणित म्हणून मला मान्य आहे, शेवटी हिट बसलाच ना. पण ३६ लोकांना ओळीने आउट करून हाती भोपळा!

टोकियोतला_तात्या

दंडवत मंडळी. सगळे अमेरिकेतच अडकलेत म्हणून जपानचा किस्सा टाकतो, आणि यात गाजलेला माणूसच जरा अडचणीत येतो.

सदाहारू ओह. इथे या नावापुढे कोणी आवाज चढवत नाही. योमिउरी जायंट्सकडून ८६८ होमरन, पुढचा पाय उचलून बगळ्यासारखा उभा राहायचा आणि मारायचा. ३ सप्टेंबर १९७७ ला ७५६ वा मारून हँक ऍरनच्या अमेरिकेतल्या ७५५ च्या पुढे गेला. बाप चिनी, त्यामुळे जन्म जपानचा असला तरी जपानी नागरिक नव्हता, शाळेत असताना राष्ट्रीय स्पर्धेला त्या कारणाने त्याला खेळू दिलं नव्हतं. हे मुद्दाम सांगतोय.

ओहने १९६४ ला एका सीझनमध्ये ५५ होमरन मारले, तो विक्रम. १९८५ ला हान्शिन टायगर्सचा अमेरिकन रँडी बास ५४ वर पोचला आणि त्याचे शेवटचे दोन गेम कोणाविरुद्ध, तर जायंट्सविरुद्ध, ज्यांचा मॅनेजर होता ओह. बासला मारण्याजोगा बॉलच मिळाला नाही. वॉक, परत वॉक. बास ५४ वरच राहिला. ओह म्हणाला मी तसं करायला सांगितलेलं नाही. बरं, एकदा झालं असतं तर सोडून दिलं असतं. २००१ ला टफी रोड्स ५५ वर, समोर ओहची टीम, तेच. २००२ ला आलेक्स काब्रेरा ५५ वर, समोर ओहची टीम, परत तेच. शेवटी २०१३ ला बालेंटिनने ६० मारून विषय मिटवला. आता ओहने सांगितलं नसेलही, हाताखालच्यांनी साहेबांचं मन राखायला आपणहून केलं असेल, इथल्या ऑफिसात नोकरी केलेल्याला हे सहज पटेल. पण ज्याला स्वतःला परका म्हणून बाजूला बसवलं होतं त्याच्या नावावर परक्यांना अडवण्याचं हे खातं जमा व्हावं, हे काही मला नीट गिळता येत नाही.

बासचं पुढे वेगळंच झालं. त्याच १९८५ ला हान्शिनवाल्यांनी लीग जिंकली तेव्हा ओसाकाला दोतोन्बोरी कालव्याच्या पुलावर गर्दी जमली, एकेका खेळाडूसारखा दिसणारा शोधायचा आणि त्याने पाण्यात उडी मारायची. बाससारखा दाढीवाला गोरा कुठून आणणार? मग केंटकी फ्राईड चिकनच्या दुकानाबाहेरचा कर्नल सँडर्सचा पुतळा उचलून टाकला कालव्यात. त्या वर्षी हान्शिन जपान सिरीजही जिंकले आणि मग जे गेले ते गेलेच. लोक म्हणायला लागले म्हाताऱ्याचा शाप. पुतळा २००९ ला गाळातून काढला, चष्मा गायब. जपान सिरीज परत जिंकायला २०२३ उजाडलं.

खान्देशी_तडका

चिकनवाल्या आजोबांचा शाप हाहाहा. तात्या असं अजून येऊ द्या.

मधला_बेस

तात्या, एक नंबर. परक्यांना अडवण्याचं काढलंत तर माझा न्यू जर्सीचा माणूस लिहूनच टाकतो. जॅकी रॉबिन्सन सगळ्यांना माहीत आहे, १५ एप्रिल १९४७, मेजर लीगची गोऱ्यांची भिंत फोडली, ४२ नंबर आता कुठल्याच टीममध्ये कोणाला देत नाहीत. दुसरा कोण? लॅरी डोबी. अकरा आठवड्यांनी, ५ जुलै १९४७ ला क्लीव्हलंडकडून उतरला. रॉबिन्सनला आधी मॉन्ट्रियलला एक सीझन खेळवून तयार केलं होतं, डोबीला नीग्रो लीगच्या (काळ्या खेळाडूंची वेगळी लीग) नूअर्क ईगल्समधून उचलून थेट आत सोडला. पहिल्या दिवशी टीममधल्या काहींनी हात मिळवला नाही. शिव्या त्याच, पत्रं तीच, वेगळं हॉटेल तेच. फक्त पेपरात जागा नाही, कारण ती बातमी एप्रिलमध्येच होऊन गेली होती.

आणि बघा, याचा फोटो मात्र आहे, आणि त्यातली दोन्ही माणसं हसतायत. ९ ऑक्टोबर १९४८, वर्ल्ड सिरीजचा चौथा गेम, क्लीव्हलंडला ८१ हजारांवर लोक. डोबीचा होमरन, गोरा पिचर स्टीव्ह ग्रोमेकने पूर्ण गेम टाकला, २-१ ने जिंकले, आणि आत आल्यावर दोघांनी गालाला गाल लावून मिठी मारली. पेपरांत तो फोटो छापून आला, १९४८ साली. ग्रोमेकला त्याच्या गावात त्यावरून ऐकून घ्यावं लागलं.

रॉबिन्सन १९६२ ला हॉल ऑफ फेममध्ये, डोबी १९९८ ला. पुढे डोबी १९७८ ला शिकागोचा मॅनेजर झाला तर तिथेही काळ्या मॅनेजरांमधला दुसराच, पहिला फ्रँक रॉबिन्सन! आडनावसुद्धा तेच. तो पॅटरसनला वाढला, तिथलं हिंचलिफ स्टेडियम जिथे तो शाळेत असताना खेळला ते पडीक होतं, २०२३ ला दुरुस्त करून उघडलंय. एडिसनकडच्या मंडळींना तासाभराचं अंतर आहे, धबधबा शेजारीच आहे, पाहुणे आले की सगळे धबधबा दाखवून परत आणतात, पुढच्या वेळी चार पावलं जास्त चाला.

गणितगुरू

यात जॉश गिब्सन राहिला. नीग्रो लीगचा कॅचर, अफाट हिटर, मेजर लीगमध्ये त्याला कोणी घेतलंच नाही. २० जानेवारी १९४७ ला गेला, वय ३५. रॉबिन्सन उतरला त्याच्या तीन महिने आधी. २०२४ ला मेजर लीगने नीग्रो लीगचे आकडे आपल्यात धरले तेव्हा कारकिर्दीच्या सरासरीत .३७२ (हजार संधींत ३७२ हिट) सह तो पहिला आला, टाय कॉबच्याही वर.

शिवाजीपार्क_कट्टा

एवढ्या वर्षांनी आकडे मिसळून काय साधलं? गेम कमी खेळलेला माणूस वर येणारच.

गणितगुरू

गेम कमी कारण तुम्ही खेळू दिले नाहीत. तुम्ही म्हणजे तुम्ही नाही कट्टाशेठ, ते. किमान किती वेळा बॅटिंग केली याची अट लावलेलीच आहे. पण मान्य, सरळ तुलना होत नाही. तशी रूथचीही होत नाही, तो कित्येक चांगल्या पिचरांसमोर लीगमध्ये खेळलाच नाही कारण ते काळे होते.

सांजवेळ

ऍरनचं नाव दोनदा येऊन गेलं पण मुख्य गेम राहिला. ८ एप्रिल १९७४, अटलांटा, ७१५ वा, रूथच्या ७१४ च्या पुढे. त्याआधीच्या हिवाळ्यात त्याला जिवे मारण्याच्या धमक्यांची पत्रं पोत्यांनी येत होती, एका काळ्या माणसाने रूथला मागे टाकायचं नाही म्हणून. त्याच्याबरोबर बंदूकवाला अंगरक्षक असायचा. होमरन मारून पळत असताना दोन पोरं स्टँडमधून उतरून त्याच्या बाजूने धावायला लागली, व्हिडिओ बघताना आपलाच जीव वर होतो, पण ती नुसती पाठ थोपटायला आली होती. आणि समोरचा पिचर? डॉजर्सचा अल डाउनिंग. तोही काळा, आणि पाठीवर नंबर तोच, ४४! यँकीजचा पहिला काळा स्टार्टिंग पिचर होता हा. २० गेम जिंकलेला सीझनही आहे नावावर. आयुष्यभर त्याला एकच प्रश्न, आणि तो शांतपणे उत्तर देत राहिला. ब्रँकाच्या बाजूला याला बसवा.

टोरोंटोकर

उशिरा आलो. आमच्याकडे दोन्ही बाजूंचा अनुभव आहे. १९९३, २३ ऑक्टोबर, सहावा गेम, जो कार्टरने फिलाडेल्फियाच्या मिच विल्यम्सला तीन रनचा होमरन मारला आणि ब्लू जेज ८-६ ने चॅम्पियन. इथल्या दुकानांत तो फोटो अजून लटकतोय. विल्यम्सला धमक्या आल्या, पण तो त्या रात्री पत्रकारांसमोर बसला आणि म्हणाला जबाबदार मी. ३२ वर्षांनी फिटंफाट. २०२५ चा सातवा गेम, नववी इनिंग, आम्ही ४-३ ने पुढे, दोन आउट हवेत. जेफ हॉफमनसमोर मिगेल रोहास, डॉजर्सचा ३६ वर्षांचा फिल्डर, होमरनवाला नाहीच (मॅझरॉस्की वाचून अंगावर काटा आला). ४-४. अकराव्याला विल स्मिथ, ५-४, खेळ खलास. हॉफमनही विल्यम्ससारखाच सगळं स्वतःच्या अंगावर घेऊन बोलला. पण मला विचाराल तर आपण त्याच नवव्यात बेस भरलेले असताना घरी आउट झालो, तो धावणारा थर्ड बेसला दोन पावलं पुढे उभा असता तर? त्याचं नाव मी लिहिणार नाही, आमच्या घरात बंदी आहे.

रिकामटेकडा

म्हणजे तुम्ही पण तेच करताय ना? एका माणसाला धरायचं.

टोरोंटोकर

हो. अजून वर्ष व्हायचंय, थोडा वेळ द्या.

मधला_बेस

टोरोंटोकरांना बकनरसारखी २२ वर्षांची सूट, सांजवेळ ताईंच्या हिशोबाने :)

खान्देशी_तडका

वर्ल्ड सिरीज भारतात किती वाजता दिसते?

मधला_बेस

ऑक्टोबरअखेर, सकाळी साडेपाचच्या आसपास सुरू.

खान्देशी_तडका

पोराची बस पावणेसातला आहे, तोवर चार इनिंग होतील का?

गणितगुरू

तीन धरा. पिचर चांगले असले तर साडेतीन.